मशेरीचा रकाना

१९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार

वसंता सकाळच्या आगबोटीने आला. पडावातून उतरताना पाटलोण गुडघ्यापर्यंत भिजवली, पण पेटी डोक्यावर धरून कोरडी ठेवली. पेटीत कपडे दोन, दांडीचे आरसे चौदा. धाकट्या बहिणीचं हे एकुलतं एक. दातांचा डॉक्टर झालाय, आता मुंबईच्या कॉलेजात वरच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहितो आहे. दोन महिने माझ्याकडे राहणार.

विषय आमच्याच बायकांची तोंडं. त्याच्या प्रोफेसरांनी छापील तक्ते दिलेत. त्यावर मशेरीची व्याख्याही दिली आहे: 'तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू, बायका ती बोटाने दातांना लावतात.' बरं झालं सांगितलं. रत्नागिरीत कोणाला ठाऊकच नव्हतं.

काही बायकांच्या गालाला आतून पांढरा डाग येतो म्हणे. तो मशेरीने, की तिखटाने, की सुपारीने, की किडक्या दाताच्या टोकाने, हे कोणी मोजून पाहिलेलं नाही. वसंता पाहणार. लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, दोन्ही हव्यात. फेब्रुवारीअखेर प्रबंध गेला पाहिजे, नाहीतर वर्ष बुडालं.

प्रोफेसरांची सूचना: 'स्थानिक स्त्रिया अडाणी व लाजाळू असल्याने एखादी सुशिक्षित, प्रतिष्ठित महिला सोबत असावी.' लाजाळू! या गृहस्थांनी एकदा मांडवीवर कोळणींशी बांगड्यांचा भाव करून पाहावा.

२२ नोव्हेंबर, रवि.

व. काल एकटाच मांडवीच्या कोळीवाड्यात गेला होता. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. आज येसूने सांगितलं. येसू माझ्याकडे रोज मासळी घेऊन येते. माझ्याच शाळेतली. तिसरीतून शाळा सोडली, त्याला आता पंचवीस वर्षं झाली, पण अजून माझ्यासमोर पाटी उतरवताना पदर सारखा करते.

"बाई, तुमचा भाचा रंगानं बरा हाय, पन येडा. सुनाबाळांस्नी म्हनतो, आ करा. गोदीच्या सासूनं इचारलं, मेल्या, लगीन ठरवायला आलायस की म्हशी घ्यायला?"

व. आतून ऐकत होता. कानापर्यंत लाल.

ठरलं असं: बायका माझ्या पडवीत येतील. मी शेजारी बसून प्रश्न विचारीन, तक्ता भरीन. तो फक्त तोंडात बघेल. येसू वाड्यात निरोप देईल. मी तिला बजावलं, "सगळ्यांना सांग, दात स्वच्छ घासून या."

२४ नोव्हेंबर, मंगळ.

पहिल्या दिवशी नऊजणी. केसांना तेल, कपाळाला कुंकू, दात राखेने आणि वाळूने असे घासलेले की दोघींच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. व.ने पहिलीच्या तोंडात आरसा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. दातांवरचा थर हा तक्त्यातला सातवा रकाना. थर नव्हताच.

"मावशी, यांना कोणी सांगितलं घासून यायला?"

मी म्हटलं, पाहुण्याकडे जाताना माणसं तोंड धुतात. मुंबईत काय करतात ठाऊक नाही.

सातवा रकाना सोडून दिला. महत्त्वाचा नाही म्हणाला, पण तेच तीनदा म्हणाला.

३० नोव्हेंबर, सोम.

रोज सात-आठ येतात. मी विचारते: नाव, वय, मुलं किती, सुपारी, तिखट, मशेरी. माझ्या शाळेतल्या बऱ्याच. पडवीच्या पायरीवर चपला ओळीत काढतात, कोणी न सांगता. मशेरीचं विचारलं की सरळ बघून "न्हाय बाई." मला मनातून फार बरं वाटतं. एकतीस वर्षं दर सोमवारी मी मुलींच्या रांगेपुढून जात असे. ओठ वर, ओठ खाली. हिरडी काळी दिसली की हात पुढे आणि तळव्यावर रूळ. बेळगावच्या कॉन्व्हेंटात मदर आमची नखं अशीच बघत. इथल्या बोर्डाच्या साहेबांनी एकदा मला लिहिलं होतं की हे शिक्षणाचं काम नव्हे. ते पत्र अजून ठेवलंय. आज त्यांना उत्तर मिळालं असतं, हयात असते तर.

व. विचारात आहे. न लावणाऱ्यांतही डाग दिसताहेत. बरेच.

५ डिसेंबर, शनि.

आज मी स्वतः आरसा धरला. गोदावरीच्या तोंडात पाहिलं. (हीच ती, येसू जिला गोदी म्हणते. माझ्या पहिल्या वर्गातली, आता नातवंडं आहेत.) उजव्या गालाला आतून, दाढेशी. शहाळं फोडल्यावर आत जी पातळ मलई चिकटलेली असते ना, तशी. पुसून जात नाही. दुखत नाही, खाजत नाही, तिला ठाऊकही नव्हतं. पन्नास वर्षं आपण तोंड घेऊन हिंडतो आणि आत काय आहे ते पाहत नाही. मी आत जाऊन खिडकीशी स्वतःचं पाहिलं. काही नाही. एक दाढ वाईट.

व. हर्षभरित. "मावशी, उलटंच निघतंय! लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, दोघींत डाग जवळजवळ सारखे. म्हणजे मशेरीचा संबंधच नाही. सर म्हणत होते मशेरीच असणार." लगेच प्रोफेसरांना पत्र लिहायला बसला. मी म्हटलं, थोडं थांब, अजून बायका यायच्या आहेत. थांबतो कसला. दुपारच्या टपालाने पत्र गेलंसुद्धा.

मला का कोण जाणे, आनंद झाला नाही. मशेरी निर्दोष ठरली तर सोमवारच्या त्या रुळांचं काय.

९ डिसेंबर, बुध.

येसू दोन दिवस आली नव्हती, म्हणून तिसऱ्या प्रहरी मीच वाड्यात गेले. न कळवता गेले. येसूची चौकशी, एवढंच कारण.

गोदावरीच्या परसात धूर. तंबाखू भाजल्याचा वास लांबूनच येत होता, नाकाला झोंबणारा. चुलीवर तवा, भोवती सहाजणी, येसूसुद्धा, प्रत्येकीचं बोट तोंडात. सहाही माझ्या तक्त्यात 'नाही'.

मला पाहिल्याबरोबर सहाही हात पाठीमागे गेले. तवा जळत होता. मग गोदावरी उठली, माझ्यापुढे आली आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर.

ती थट्टा करत नव्हती. हात पुढे करून झाल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती हसायला लागली. बाकीच्याही. मी तशीच परत आले.

१० डिसें., गुरु.

सकाळी सांगितलं व.ला. चहा होईपर्यंत थांबले होते, एवढं खरं.

त्याने विचारलं, "किती जणी खोटं बोलल्या?"

"ठाऊक नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्याच असतील."

ओरडला असता तर मी ओरडले असते. तो ओरडला नाही. तक्ते काढले, तांबड्या पेन्सिलीने प्रत्येकावरचा मशेरीचा रकाना आडवा खोडत बसला. दोन-अडीच आठवड्यांचं काम. मी म्हटलं, त्या खोटारड्या आहेत. तो म्हणाला, "मावशी, त्यांना दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर खरं बोलल्या असत्या."

हे माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून. बरोबरच बोलला, पण बोलायची काही गरज होती का?

प्रोफेसरांना दुसरं पत्र गेलं: पहिलं रद्द समजावं.

१२ डिसें., शनि.

पेच असा: मी नसले तर बायका याच्यापुढे तोंड उघडत नाहीत. मी असले तर तोंड उघडतात आणि खोटं बोलतात. व. म्हणतो परत मुंबईला जातो. मी म्हटलं जा, आणि आईला सांग मावशीने बुडवलं.

इतक्यात येसू बांगडे घेऊन आली. आज चार दिवसांनी. दारातच उभी. मी बांगडे उलटसुलट करून पाहिले. शेवटी तीच म्हणाली, "बाई, रागावला काय?"

"खोटं का बोललीस ग?"

"तुमी इचारलंत म्हनून."

मग तिने व.ला सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण त्याच्या सगळ्या पुस्तकांत ते नव्हतं. "इचारायचं कशाला ओ, डाक्टर? बायका येऊन बसल्या की मशेरीची डबी फुडं करायची. लावनारीचा हात आपसूक येतो. न लावनारी नाक मुरडते. इचारलं तर जीभ बोलते. डबी फुडं केली तर बोट बोलतं."

व.ने पेन्सिल उचलली. मग म्हणाला, "पुन्हा सांगा." 'सांगा' म्हणाला, 'सांग' नव्हे.

१५ डिसें., मंगळ.

नवी व्यवस्था. येसू मागच्या अंगणात फणसाखाली बसते, डबी घेऊन. बायका तिच्यापाशी थांबतात, गप्पा मारतात, मग एकेक करून पडवीत येतात. येसूला आता लिहिता येत नाही (घरच्यांनी तिसरीतून काढलं, काढू नका म्हणून मी आडवी पडले होते). जाळं विणायची दोरी आणली आहे. डबी घेतली तर दोरीला मोठी गाठ, नाही घेतली तर बारीक. आलेल्या क्रमाने. दोरी पदराखाली. व. तोंडात बघतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं कोणाची कोणती गाठ. तेच त्याला फार आवडलं आहे. "म्हणजे माझा डोळाही फसवायचा नाही," म्हणाला.

मी पडवीत बसते. फक्त नाव, वय. मागच्या अंगणात जायला मला बंदी. माझ्याच घरात! हसण्याचा आवाज येतो सारखा. एकदा स्पष्ट ऐकू आलं, कोणीतरी माझी नक्कल करून दाखवत होतं: "ओठ वर! ओठ खाली!" नक्कल छान जमली असावी, फार हसल्या.

२१ डिसें., सोम.

जुन्या सगळ्या पुन्हा येऊन गेल्या, नव्याही काही. आज दुपारी दोरी पडवीच्या खांबांना बांधून ताणली. व. एका टोकाकडून गाठी वाचत गेला, मी तक्त्यातले डाग वाचत गेले. मोठी, डाग. मोठी, डाग. बारीक, काही नाही. मोठी, काही नाही. मोठी, डाग. एकदा बारीक गाठ आणि डाग असं आलं, तेव्हा व. थांबला. तिच्या वरच्या दाढेचं टोक तुटलेलं होतं, गालाला घासतं. त्याने ते बाजूला लिहून ठेवलं. तिला यादीतून खोडलं नाही, नुसतं लिहिलं. मला हे आवडलं.

शेवटपर्यंत गेलो. डाग असलेल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या गाठीच्या. आणि माझ्या 'नाही' म्हणणाऱ्या मुली, त्याही मोठ्या गाठीच्या.

मदर म्हणत, शिस्तीने सवय मोडते. माझ्या मुलींची मोडली नाही, फक्त परसात गेली.

व. नाचायचा बाकी होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच नारळ फोडला.

४ जानेवारी १९३७, सोम.

व.ने दोरीचं सगळं कळवलं होतं, त्यावर प्रोफेसरांचं उत्तर. 'एका निरक्षर मासेविक्रेतीच्या दोरीवरील गाठी हा शास्त्रीय पुरावा होऊ शकत नाही. तंबाखू स्वतः पुढे करून मिळवलेली माहिती परीक्षकांसमोर कशी ठेवणार? याउलट आपल्या मावशींनी, ज्या इंग्रजी शिकलेल्या व माजी मुख्याध्यापिका आहेत, भरलेले पहिले तक्ते विश्वसनीय दिसतात. ते रद्द करण्याचे कारण समजले नाही.'

म्हणजे माझं खोटं चालतं, कारण ते सुवाच्य अक्षरात आहे. येसूचं खरं चालत नाही, कारण ते गाठीत आहे.

मी बसल्या बैठकीला त्यांना इंग्रजीत चार पानं लिहिली. माझ्या तक्त्यातलं एकूण एक 'नाही' कसं मिळालं ते लिहिलं. रुळासकट. व.ने वाचून दोन शब्द काढायला सांगितले. एक काढला.

त्याला मी विचारलं, काय करशील? पहिले तक्ते दिले तर प्रोफेसर पास करतील. तो म्हणाला, "दोरी देईन." मग पत्राची घडी घालत, "नापास झालो तर आईला तू सांग."

१५ जाने., शुक्र.

व. गेला. दोरी एका बिस्किटाच्या डब्यात, डबा मांडीवर. पेटी या वेळी हमालाकडे.

निघण्याआधी बायका धक्क्यावर जमल्या होत्या. आता त्याला 'मेल्या' म्हणत नाहीत, 'डाक्टर' म्हणतात. येसूने सरळ विचारलं, "मंग काय निघालं? सोडायची काय मशेरी?"

"सोडलेली बरी."

"सोडली तर डाग जातो?"

खोटं सांगणं किती सोपं होतं, हो म्हणायचं, पडावात बसायचं. व. म्हणाला, "ठाऊक नाही. सोडलेल्या बाईचं तोंड कोणी पाहिलेलंच नाही."

"म्हंजे तुमी यवडं शिकून..."

"एवढं शिकून इतकंच कळलं, येसूताई."

जाताना एक आरसा मला देऊन गेला. डाग काहींचे तसेच राहतात, काहींचे पुढे वाईट होतात, एवढं पुस्तकात आहे. पुढे वाईट म्हणजे काय ते मी विचारलं. सांगितलं त्याने. ते इथे लिहीत नाही.

२२ जाने., शुक्र.

कोणी पाहिलेलं नाही तर पाहायला काय हरकत आहे? मला दुसरा उद्योग नाही.

तिघी ठरल्या. गोदावरी, मिऱ्या गावची पारू, आणि खाडीपलीकडच्या भाट्याची आनंदी. तिघींना डाग. आनंदी मला एकटीला गाठून म्हणाली, मी सोडते बाई, पन कुनाला सांगू नका, बाया हसतील. बाकीच्या दोघींना मी विचारलं नाही. सोडा असंही म्हटलं नाही. जीभ चावली, पण म्हटलं नाही.

येसूने आरशात बघून तिघींचे डाग मापले. तिची मापं: गोदावरीचा चिंचोक्याएवढा, पारूचा करंगळीच्या नखाएवढा, आनंदीचा वालाएवढा. मी लिहून घेतलं.

१९ फेब्रु., शुक्र.

चार आठवडे झाले. आज मीच पाहिलं. आनंदीचा डाग मला पातळ वाटला. कडा विरल्यासारख्या.

मग बसून विचार केला. आनंदीने सोडली हे मला ठाऊक आहे. तो जावा असं मला वाटतं. अशा डोळ्याने पाहिलेलं किती खरं धरायचं? नोव्हेंबरात मला 'नाही' हवं होतं, मला 'नाही' मिळालं.

आरसा ठेवून दिला. पुढचं येसू पाहील. कोणी सोडली ते तिला ठाऊक नाही.

व.चं पत्र: प्रबंध दिला, दोरीचं चित्र काढून जोडलं. माझी चार पानंही जोडली आहेत. परीक्षक मार्चअखेर बोलावतील. प्रोफेसर त्याच्याशी बोलत नाहीत.

५ मार्च, शुक्र.

तिघी आल्या. मी स्वयंपाकघरात बसले, दार लोटून. येसूने एकेकीला खिडकीच्या उजेडात घेतलं. बराच वेळ लावला. मग आत आली, हात धुतले.

"आनंदीचा हाय तसाच, वालाएवढा. पारूचा तसाच."

"नीट पाहिलंस?"

"दोनदा. गोदीचा बारीक झालाय बाई. चिंचोका होता, आता मुगाएवढा."

मी बाहेर आले. आनंदीला बाजूला घेतलं. तिने मुलांची शपथ घेतली, त्या दिवसापासून बोट लावलेलं नाही. शपथेवर मी पूर्वी विश्वास ठेवत असे.

मग गोदावरी. पायरीवर बसली होती.

"गोदावरी, मशेरी सोडलीस का?"

"न्हाय बाई."

"खरं सांग."

ती माझ्याकडे बघून हसली, तोंड मिटून. "आनी सोडली असती, तरी तुमास्नी सांगितलं असतं व्हय?"

येसू इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. मीही हसले, काय करणार.

व.ला पत्र लिहायला घेतलं आहे. आनंदी, पारू, दोघींची मापं लिहून झाली. गोदावरीचंही माप लिहिलं. त्यापुढे मशेरीचा रकाना. लेखणी कोरडी झाली, पुन्हा बुडवली. अजून काही लिहिलेलं नाही.